सांगली-मिरजेच्या कचऱ्यापासून ऊर्जा : जाळायचं, कुजवायचं की इंधन करून पाठवायचं?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. आपल्याकडं कचऱ्याचा विषय निघाला की कोणीतरी लगेच म्हणतं "परदेशात बघा कचऱ्यातून वीज करतात, आपल्याकडं का नाही", आणि दुसरा म्हणतो की ते सगळं कागदावरच, आणि चर्चा तिथंच संपते. मला ती तिथं संपायला नको आहे म्हणून हा धागा.

सांगली, मिरज, कुपवाड मिळून २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर लोकसंख्या, म्हणजे माणशी चारशे ग्रॅम धरला तरी रोज दोनशे टनाच्या आसपास कचरा धरून चाला. समडोळी रोड आणि बेडग रोड असे दोन डेपो आहेत. ओला कचरा निम्म्याच्या आसपास, बाकीच्यात प्लास्टिक, कापड, कागद, रस्त्याची माती, नारळाच्या करवंट्या, पावसाळ्यात चिखल. आता यातून ऊर्जा करायची म्हटली तर माझ्या समजुतीप्रमाणं रस्ते तीन-चार आहेत. एक, थेट भट्टीत जाळून वाफ आणि वीज. दोन, ओल्याचा बायोगॅस, आणि तो शुद्ध करून, दाबून गाडीत भरायचा, म्हणजे सीबीजी. तीन, सुक्यातलं जळाऊ वेगळं काढून आरडीएफ, म्हणजे कचऱ्याचं इंधन, करायचं आणि सिमेंटच्या भट्टीला द्यायचं. चार, ते गॅसिफिकेशन, पायरोलिसिस, प्लाझ्मा वगैरे, म्हणजे कमी हवेत किंवा हवेशिवाय खूप तापवून कचऱ्याचा गॅस-तेल करायचं.

या चारातलं आपल्या दोनशे टनाला, आपल्या पाऊसपाण्याला आणि आपल्या घंटागाडीत जे खरंच येतं त्याला काय चालेल? राजकारण बाजूला ठेवून लिहा ही विनंती. कारखान्यातली, बायोगॅसवाली, शेतीतली माणसं इथं आहेत हे माहितीय म्हणून मुद्दाम इथंच विचारतोय.

कोजनवाला
दादा, मी साखर कारखान्याच्या बॉयलरवर आहे, त्यामुळं जाळण्याचं तेवढं बोलतो.

आमच्यातले बरेच जण म्हणतात की बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, पण ५० टक्के पाणी असतं, तरी आम्ही त्याच्यावर वीस-तीस मेगावॅट काढतो, मग कचरा का नाही जळणार? फरक असा आहे की बगॅस हा एकसारखा माल आहे. ५० टक्के ओलाव्याला साधारण २२००-२३०० किलोकॅलरी प्रति किलो, राख दोन-तीन टक्के, आणि हंगामभर तोच. कचऱ्यात आज हळदी समारंभाच्या पत्रावळ्या आणि उद्या गटारातला गाळ.

साधं गणित मांडतो. भाजीच्या साली-देठात पाऊण भाग पाणी धरा. एका किलोत कोरडा माल पाव किलो, त्याचे जास्तीत जास्त हजार किलोकॅलरी. उरलेल्या पाऊण लिटर पाण्याची वाफ करायला साडेचारशे गेले. हातात राहिले साडेपाचशे. जागतिक बँकेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत कचरा जाळायच्या प्लँटसाठी वर्षाची सरासरी किलोला ७ मेगाज्यूल, म्हणजे साधारण १६७० किलोकॅलरी, आणि कुठल्याही ऋतूत ६ च्या, म्हणजे १४३० च्या खाली जाता कामा नये असं सांगितलंय. आपला मिसळलेला कचरा जुलै-ऑगस्टमध्ये कुठं असेल ते तुम्हीच बघा.

हे दिल्लीत घडून गेलंय. १९८७ मध्ये तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्राचा प्लँट बसवला, रोज ३०० टन आणि पावणेचार मेगावॅटचा. २१ दिवस चालला. मशीन खराब नव्हतं, कचऱ्यात जळण्याइतका जीवच नव्हता. म्हणून आधी कचरा तपासा आणि मग यंत्र निवडा असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी उलटं होतं.

अजून एक. कचऱ्यात पीव्हीसी असतं, मीठ असतं, त्यातला क्लोरीन सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्या खातो. आमच्या बॉयलरची वाफ पाचशे अंशाच्या वर नेतो, कचऱ्याच्या बॉयलरला चारशेच्या आसपास थांबावं लागतं, त्यामुळं कार्यक्षमता वीस टक्क्याच्या आसपास येते. दोनशे टन, तेही दीड हजार किलोकॅलरीचे मिळाले असं धरलं तरी तीन मेगावॅटच्या आत वीज, त्यातली पंधरा-वीस टक्के प्लँट स्वतःच खाणार.

वाळव्याचा शेतकरी
कोजनवाले, मग कारखान्याच्या बॉयलरातच बगॅसबरोबर थोडा थोडा सुका कचरा टाकला तर? हंगाम नसतो तेव्हा बॉयलर बसूनच असतोय की. नवीन काही बांधायलाच नको.

कोजनवाला
काका, प्रश्न चांगला आहे आणि सगळ्यांना हाच सुचतो, पण नको. आत्ता सांगितलं ते नळ्या खाण्याचं एक, आणि दुसरं मोठं कारण धूर. प्लास्टिकमिश्र कचरा जाळला की धूर साडेआठशे अंशाच्या वर कमीत कमी दोन सेकंद राहिला पाहिजे, नाहीतर डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि गार होताना परत तयार होऊ शकतं म्हणून चुना, कार्बन, बॅगफिल्टर सगळं मागं जोडावं लागतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम घातली होती. आमच्या चिमणीवर ते मोजायची पण सोय नाही. कारखान्याभोवती आपलीच गावं आहेत, आपलाच ऊस आहे. असला प्रयोग कोणी करू नये.

मिरजकरीण
मी बचत गटांबरोबर काम करते, त्यामुळं थोडं वेगळ्या बाजूनं. जाळायच्या प्लँटला जळायला लागतं काय? प्लास्टिक, कागद, पुठ्ठा, कापड. आणि आज त्याच्यावरच कचरावेचक बायकांचं घर चालतं. भट्टी आली की तिला रोजचा ठरलेला माल लागणार, करारात पालिकेनं इतके टन द्यायचेच असं लिहिलेलं असणार, कमी पडलं तर दंड. मग कुठली पालिका वर्गीकरण वाढवेल? नियमात तर वेचकांना सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलंय. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेबरोबर २००८ पासून पालिकेचा करार आहे, म्हणजे होऊ शकतं.

आणि मिरज दवाखान्यांचं गाव आहे हे विसरू नका. दवाखान्यातला कचरा कायद्यानं वेगळा जातो ते ठीक, पण घराघरातले डायपर, पॅड, इंजेक्शनच्या सुया घंटागाडीतच येतात. बायोगॅस करा किंवा काहीही करा, ते हातानं वेगळं करणारी बाई कोण असते ते आम्हाला विचारा. तंत्रज्ञान निवडताना तिचे हातमोजे आणि तिचा पगार खर्चात धरला पाहिजे.

साताऱ्याचा मी
साताऱ्याहून. आमच्याकडं सोनगावला डेपो. कचरा सांगलीपेक्षा कमी, त्यामुळं जाळण्याचा प्रश्नच येत नाही असं मला वाटतं. त्याच जागतिक बँकेच्या सूचनांत वर्षाला कमीत कमी ५० हजार टन म्हटलंय, म्हणजे रोज १३५-१४० टन. सातारा, कऱ्हाड, फलटण यांचा एकत्र आणला तर आकडा कदाचित जमेल पण मग डिझेल जाळत कचरा फिरवायचा.

कऱ्हाडचं मात्र आवर्जून सांगतो. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं. ते काही मोठ्या भट्टीनं आलेलं नाही. उंबऱ्यात ओला-सुका वेगळा झाला की पुढचं सगळं स्वस्त होतं.

डायजेस्टर_मेंटेनन्स
पुण्याकडं बायोगॅस प्लँटच्या देखभालीत आहे, मूळचा तासगावचा. ओल्यासाठी बायोगॅस हेच बरोबर आहे पण ते सोपं आहे असं कोणी समजू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

चांगल्या वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याच्या एका टनातून ८० ते १२० घनमीटर गॅस मिळतो. त्यात मिथेन ५५-६० टक्के. शुद्ध केला की टनाला तीसेक किलो सीबीजी हाताला लागतो. इंदूरचा प्लँट बघा, फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालं, रोज ५५० टन ओला कचरा आणि १७ हजार किलो गॅस, भागाकार करा, ३१ येतो. आता सांगलीचं. १०० टन ओला म्हणालात, त्यातला ६० टन जरी स्वच्छ मिळाला तरी रोज १८००-१९०० किलो गॅस. पालिकेच्या स्वतःच्या गाड्या त्याच्यावर चालवता येतील. मी वीज करण्यापेक्षा गॅसच विका म्हणेन, इंजिनातून वीज करताना साठ टक्क्यांवर ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि ती वापरायला शेजारी कोणी नसतं.

पण इंदूरला जे जमलं ते गाडीतच सहा कप्पे करून. नाहीतर लखनौ आठवा, २००३ च्या सुमाराला पाच मेगावॅटचा बायोमिथेनेशन, म्हणजे बायोगॅसवर विजेचा, प्लँट झाला, मिसळलेला कचरा आला आणि लवकरच बंद पडला. जवळचं बघायचं तर सोलापूर, रोज ४०० टन क्षमतेचा आणि तीन मेगावॅटचा बायोमिथेनेशन प्लँट, तिथली वीज ग्रीडला गेली. आपल्या नगरसेवकांनी आणि अधिकाऱ्यांनी परदेश दौऱ्याआधी सोलापूरला दोन दिवस जावं, पुढं काय अडचणी येतात ते तिथल्या कामगारांना विचारावं.

डायजेस्टरला, म्हणजे कचरा कुजवायच्या बंद टाकीला, जनावर समजा. रोज ठरल्या वेळी, ठरलेला चारा. एकदम बदलला की पोट बिघडतं. लग्नसराईत एका दिवशी गाडीभर भात-जिलेबी ओतली की आम्ल वाढतं, पीएच सहाच्या खाली जातो आणि मिथेन करणारे जिवाणू बसतात. परत जाग्यावर यायला आठवडे लागतात. सुरू करतानाच शेण घालून दीड-दोन महिने हळूहळू वाढवावं लागतं. संत्र्या-लिंबाच्या साली जास्त झाल्या तरी त्रास. नारळ, आंब्याच्या कोयी, हाडं, रसवंतीतली चिपाडं कुजतच नाहीत, पंप अडकवतात. प्लास्टिकच्या चिंध्या वर साय धरतात. आणि वाळू. आपल्याकडं रस्ते झाडलेला कचरा त्याच गाडीत टाकतात, ती वाळू टाकीच्या तळाला बसत जाते आणि तीन-चार वर्षांत टाकीची निम्मी जागा खाते. टाकी उघडून साफ करणं म्हणजे महिनाभर प्लँट बंद.

शिवाय गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईड असतो, तो काढला नाही तर इंजिन आणि कॉम्प्रेसर दोन्ही जातात. निविदेत टाकी आणि गॅस साठवायच्या बलूनची किंमत सगळे बघतात, गॅस साफ करण्याच्या युनिटला काटछाट करतात, आणि प्लँट तिथंच मरतो.

वाळव्याचा शेतकरी
भावा, गॅसचं कळलं, पण स्लरीचं, मागं उरलेल्या पातळ रबड्याचं, काय? गॅस निघाला तरी वजन तेवढंच राहतंय की.

डायजेस्टर_मेंटेनन्स
काका, अगदी बरोबर पकडलंत. हा प्रश्न निविदेत कोणी विचारत नाही. एका टनातून शंभर घनमीटर गॅस गेला म्हणजे वजनात सव्वाशे किलो गेलं. बाकी सगळं मागं राहतं. त्यात आपण पाणी घातलेलं असतं. म्हणजे ६० टनाच्या प्लँटमधून रोज शंभर टनाच्या घरात पातळ स्लरी. ती दाबून घट्ट भाग खताला आणि पाणी परत आत फिरवायचं, तरी काही पाणी उरतंच. ते नाल्यात सोडलं तर कृष्णेला मिळणाऱ्या शेरीनाल्यात अजून एक भर.

वाळव्याचा शेतकरी
मग आमचं ऐका. आमच्या भागातल्या जमिनी पाण्यानं आणि रासायनिक खतानं दमल्यात, क्षारपड झाल्यात, सेंद्रिय कर्ब कुठल्या कुठं गेलाय. आम्हाला खत पायजेच आहे. पण शहराच्या कचऱ्याचं खत म्हटलं की शेतात काचा, प्लास्टिकच्या पिशव्या, ब्लेडचे तुकडे येत्यात, एकदा पायाला लागलं की माणूस परत घेत नाही. द्राक्षवाला तर अजिबात घेणार नाही, त्याला निर्यातीची तपासणी असते, माती-पाण्यात जड धातू आला तर त्याचं वर्ष गेलं. चाळून द्या, तपासणीचा कागद द्या, आणि शेताच्या बांधापर्यंत पोच द्या. २०२३ ला केंद्रानं टनाला दीड हजार रुपयाची मदत जाहीर केली म्हणे सीबीजी प्लँटच्या खताला, ती शेतकऱ्यापर्यंत किमतीत दिसली पायजे. ऊसवाला घेईल, मी लिहून देतो. पण स्वच्छ असलं तर.

आणि दुसरं, कारखान्यांच्या प्रेसमडपासून, उसाचा रस गाळून उरतो त्या गाळापासून, पण सीबीजी होतोय. पालिकेचा ओला कचरा कमी-जास्त होतो म्हणता, मग प्रेसमड त्याच्यात मिसळला तर चारा सारखा राहील का?

डायजेस्टर_मेंटेनन्स
राहू शकतो. प्रेसमडला कुजायला वेळ थोडा वेगळा लागतो आणि तो हंगामातच ताजा मिळतो, पण बाजारातल्या भाजीपाल्यात नुसतं पाणीच पाणी असतं, त्याच्यात प्रेसमड घातला तर टाकीची जागा चांगली वापरली जाते. २०१८ मध्ये केंद्राची सीबीजीसाठीची 'सतत' (SATAT) नावाची योजना आली तेव्हापासून तेल कंपन्या गॅस घेण्याचं इरादापत्र देतात. सांगलीसारख्या जिल्ह्याला प्रेसमडचा हा फायदा आहे जो इंदूरला पण नाही. फक्त दोन्हीची स्लरी एकत्र केली की शहराच्या कचऱ्यातली घाण प्रेसमडच्या चांगल्या खतात जाणार, म्हणून टाक्या दोन वेगळ्या ठेवाव्यात आणि गॅस साफ करणारं युनिट एकच, असं मला सुचतं.

कृष्णाकाठचा
हे फार कामाचं निघालं. म्हणजे ओल्याचं जवळजवळ ठरतंय. मग सुक्याचं आरडीएफ? नियमांप्रमाणं किलोला १५०० किलोकॅलरीच्या वरचा, पुन्हा वापरता न येणारा कचरा डेपोत पुरायचाच नाही आणि आरडीएफ प्लँटपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या उद्योगांनी पाच टक्के इंधन त्याच्यातून वापरायचं, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं. आपल्याला कोण जवळ?

कोजनवाला
सिमेंटची भट्टी लागते, नुसती सिमेंट फॅक्टरी नाही. ग्राइंडिंग युनिटला भट्टीच नसते, तिथं क्लिंकर, म्हणजे भट्टीतून भाजून आलेले सिमेंटचे खडे, दळतात फक्त. आपल्याला जवळचा भट्ट्यांचा पट्टा म्हणजे बागलकोट आणि कलबुर्गीकडचा, शंभर किलोमीटरच्या बाहेर. म्हणजे गाडीभाडं आलं, आणि फुगीर माल, ट्रक भरतो पण वजन होत नाही, गठ्ठे बांधूनच पाठवावा लागतो. पैसे मिळतील अशी आशा नको, बहुतेक वेळा पालिकेलाच वरून द्यावे लागतात. तरीही मी हेच म्हणेन. सिमेंटच्या भट्टीत तापमान चौदाशे अंशाच्या वर, राख क्लिंकरमध्येच जाते, वेगळी राख पुरायची भानगड नाही. आपल्या स्वतःच्या भट्टीत जाळलं तर वीसेक टक्के राख मागं राहते, त्यातली उडती राख विषारी, ती साध्या डेपोत टाकताच येत नाही, रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या ठिकाणी न्यावी लागते. म्हणजे ट्रक काही चुकत नाही.

साताऱ्याचा मी
पण पिंपरी-चिंचवडला चालतंय ना? मोशीचा प्लँट. ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, १४ मेगावॅट.

कोजनवाला
हो, आणि त्याला वर्षाला अडीच लाख टन कचरा धरलाय, खर्च तीनशे कोटींच्या आसपास. रोजचे सातशे टन. औद्योगिक शहर, पॅकिंगचा माल जास्त, पालिका श्रीमंत. आपण त्याच्या पाव हिश्श्याहून थोडेसेच वर, आणि धूर साफ करायचं युनिट पाव किमतीत येत नाही. छोट्या प्लँटवर तोच खर्च डोक्यावर बसतो.

सांगलीवाडी_९
सगळं वाचलं. एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो, पूर. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४५. २०२१ ला परत आलं. पाणी ओसरल्यावर जो कचरा निघाला, गाद्या, फर्निचर, भिजलेलं धान्य, दुकानातला माल, आणि सगळ्यावर चिखल, तो ना कुजवायच्या कामाचा ना जाळायच्या. मग ते आठवडे प्लँट काय करणार? करारात "ठरलेला माल दिला नाही" म्हणून पालिका दंड भरणार का? जागा पूररेषेच्या किती वर, पुरात तिथं गाडी जाते का, वीज असते का, हे पहिल्या पानावर असायला पाहिजे. डायजेस्टरची वीज गेली, ढवळणं थांबलं तर काय होतं?

डायजेस्टर_मेंटेनन्स
दोन-चार दिवस चालतं, गॅस फ्लेअरवर, म्हणजे जादा गॅस जाळायच्या नळीवर, जाळावा लागतो, फ्लेअरला स्वतःची सोय पाहिजे. आठवडाभर चारा नाही मिळाला तरी जिवाणू मरत नाहीत, उपाशी टिकतात, नंतर हळू चालू करायचं. खरी भीती पुराचं पाणी टाकीच्या खालच्या पंपघरात शिरण्याची. आणि पूर काळातला माल करारातून वगळलाच पाहिजे, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर.

मिरजकरीण
प्लाझ्मा-गॅसिफिकेशनवर कोणी बोललं नाही, आमच्या वॉर्डात एकजण त्याचीच पत्रकं वाटत होता, "धूर नाही, राख नाही".

कोजनवाला
ताई, गॅसिफिकेशन एकसारख्या, कोरड्या मालावर चालतं, लाकडाच्या ढलप्या वगैरे. मिसळलेल्या कचऱ्यात डांबर धरतं, इंजिनं बंद पडतात. प्लाझ्मा घातक औद्योगिक कचऱ्यासाठी समजू शकतो, पण त्याला स्वतःलाच भरपूर वीज लागते. त्या माणसाला एकच विचारा, भारतात न वेगळा केलेला शहरी कचरा घेऊन सलग तीन वर्षं चाललेला तुमचा प्लँट कुठं आहे, पत्ता द्या, आम्ही बघून येतो.

कृष्णाकाठचा
मग नागरिक म्हणून आपण सुरुवात कुठून करायची? मला वाटतं सगळ्या शहराच्या कचऱ्याऐवजी विष्णुअण्णा पाटील फळ मार्केट, भाजी मंडई, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांच्यापासून. तिथला माल मुळातच वेगळा असतो. पाच-दहा टनाचा बायोगॅस प्लँट, बीएआरसीच्या (भाभा अणु संशोधन केंद्र) निसर्गऋण पद्धतीचा किंवा दुसरा कुठला. माथेरानला निसर्गऋणच आहे. आपली महापालिका एक ते दहा लाख लोकसंख्येच्या गटात बसते, त्या गटाला २०२१ च्या स्वच्छ भारत मिशन २.० मध्ये केंद्राचा वाटा ३३ टक्के ठरला होता. तो चालवून दाखवला की मग घराघरातल्या ओल्याकडं.

डायजेस्टर_मेंटेनन्स
एकदम पटलं. पण त्याच्याही आधी कचरा तपासा. मागं कोजनवाल्यांनी म्हटलं तेच. तीन ऋतूत, वेगवेगळ्या वॉर्डांच्या घंटागाड्या प्लास्टिकच्या ताडपत्रीवर रिकाम्या करायच्या, ढीग सारखा करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, परत मिसळून परत चार, शंभर किलोवर येईपर्यंत. मग हातानं वेगळं करून वजन, आणि नमुना लॅबला, ओलावा, राख, उष्मांक. श्रीमंत वसाहत, झोपडपट्टी, बाजार, तिन्ही घ्या. याला लाखांत खर्च येत नाही, आणि कुठल्याही कंपनीच्या सादरीकरणापेक्षा जास्त कळतं.

मिरजकरीण
मिरजेकडची माणसं मी जमवते, आमच्या गटातल्या बायकांना वर्गीकरण कोणापेक्षाही चांगलं येतं. फक्त त्यांना त्या दिवसाची मजुरी आणि हातमोजे, मास्क द्यायचे, फुकट नाही.

सांगलीवाडी_९
मजुरीसाठी वर्गणी काढू, मी पहिली देतो. आयुक्तांना परवानगीचं पत्र कृष्णाकाठचे दादा लिहितील का? आणि ऑगस्टचा नमुना काही झालं तरी चुकवू नका, सगळ्यात ओला माल तेव्हाच असतो आणि कंपनीवाले नेहमी एप्रिल-मेचाच घेऊन जातात.

कृष्णाकाठचा
लिहितो. कच्चा मसुदा इथंच टाकतो, कोजनवाले आणि डायजेस्टरवाले दोघांनी तपासून द्या. काका, स्लरीच्या अटी तुमच्या शब्दांत लिहून पाठवा, त्या तशाच घालू.